दूरचे जवळ आणणारी काच

मराठी मुलखात टेलिफोटो लेन्सचे नाव प्रथम गाजले ते वाघामुळे नव्हे, एका माणसाच्या डोळ्यामुळे. १९३४ साली ‘प्रभात’चा ‘अमृतमंथन’ आला. त्यात राजगुरूचे काम करणाऱ्या चंद्रमोहन यांचा डोळा व्ही. शांताराम यांनी पडदा भरून दाखविला, आणि भारतीय चित्रपटात टेलिफोटो लेन्स वापरण्याची ती सुरुवात असे चित्रपटाचे इतिहासकार नोंदवतात. माझ्या वडिलांच्या पिढीतली माणसे त्या डोळ्याबद्दल अशी बोलत, जणू तो त्यांच्याकडेच रोखलेला होता.

हा उल्लेख येथे करण्याचे कारण असे, की कॅमेरा, लेन्स आणि कन्व्हर्टर हा विषय निघाला म्हणजे आमची तरुण मंडळी तो परवा कुणी तरी जपानात शोधून काढल्यासारखी बोलतात. गेली अठ्ठावीस वर्षे मी इतिहास शिकवितो. पाठ्यपुस्तकात तोफा येतात, गलबते येतात, तहाची कलमे येतात. भिंग मात्र येत नाही. वास्तविक कॅमेऱ्याचा कारखाना आपल्यापासून फार लांब नव्हता. कडोलीहून हमरस्त्याला लागून निपाणी ओलांडली की पुढे कोल्हापूर. तेथे १९१८ साली बाबूराव पेंटर यांनी विष्णुपंत दामले यांना हाताशी धरून स्वतःचा सिनेकॅमेरा तयार केला. चित्रकार आणि सुतारकी-लोहारकीचा हात असलेली ती माणसे. पुढे याच दामल्यांनी भागीदारांसह १९२९ साली कोल्हापुरात ‘प्रभात’ची स्थापना केली. म्हणजे कॅमेऱ्याची पेटी आपल्या माणसाला घडविता येत होती. भिंग घासण्याची विद्या मात्र निराळी, आणि त्या बाबतीत आपण फार काळ परावलंबी राहिलो. पेटी आणि भिंग यांतला हा भेद पुढे उपयोगी पडणार आहे, म्हणून ध्यानात ठेवावा.

आता थोडे मागे जाऊ. पीटर बार्लो नावाचा एक इंग्रज गणिती होता. १८३० च्या दशकात त्याच्या नावाने ओळखले जाणारे अंतर्गोल भिंग दुर्बिणीत बसू लागले. मोठे भिंग किरणांना एकत्र आणीत असते. त्यांच्या वाटेत हे छोटे अंतर्गोल भिंग धरले, की किरण लगेच एकत्र न येता थोडे पुढे जाऊन मिळतात आणि प्रतिमा मोठी होते. आज बाजारात जो ‘टेलिकन्व्हर्टर’ मिळतो, तो तत्त्वतः हाच. फरक एवढाच, की बार्लोचे भिंग आकाश पाहणाऱ्यांसाठी होते आणि आजचे कन्व्हर्टर कॅमेरा व लेन्स यांच्यामध्ये पिळून बसते.

त्यानंतर सुमारे साठ वर्षांनी, १८९१ साली, लंडनच्या थॉमस रुडॉल्फस डालमेयर याने पुढे बहिर्गोल आणि मागे अंतर्गोल भिंगे अशी जुळणी करून टेलिफोटो लेन्सचे पेटंट घेतले. त्याच वर्षी जर्मनीतही हीच कल्पना पुढे आली होती. तिचे मर्म साधे आहे. नुसते लांब नाभीय अंतराचे भिंग घेतले तर नळीही तेवढीच लांब लागते. पाचशे मिलिमीटरच्या भिंगाला अर्धा मीटर नळी. मागे अंतर्गोल भिंगे घातली की नळी आखूड होते, प्रतिमा मात्र लांब भिंगाएवढीच मोठी राहते. प्रत्येक लांब लेन्स टेलिफोटो नसते, हे छायाचित्रकारांनाही पुष्कळदा ठाऊक नसते. पण व्यवहारात सगळ्यांनाच टेलिफोटो म्हणतात आणि मीही या लेखात तसेच म्हणणार आहे.

लेन्स आली तरी जंगल लगेच जवळ आले नाही. त्या काळच्या काचेच्या प्लेटा मंद, लेन्समधून येणारा उजेड थोडा. पक्षी क्षणभर स्थिर राहील याची शाश्वती कोण देणार? म्हणून इंग्लंडातल्या कीर्टन बंधूंनी दुसरा मार्ग धरला. बैलाचे कातडे पोकळ सांगाड्यावर चढवून त्याच्या पोटात कॅमेरा घेऊन ते बसत. पक्ष्यांना वाटे, बैल चरतो आहे. ही हकिकत वर्गात सांगितली की मुले हसून लोळतात. पण वन्यजीव छायाचित्रणातला मूळ प्रश्न तीत स्पष्ट दिसतो. एक तर आपण जनावराजवळ जायचे, नाही तर त्याची प्रतिमा आपल्याजवळ आणायची. तिसरा रस्ता नाही.

भारतात पहिल्या मार्गाने मोठे काम केले ते एफ. डब्ल्यू. चॅम्पियन या वनाधिकाऱ्याने. संयुक्त प्रांतात त्याची नेमणूक होती. ज्या काळी साहेब म्हटला की बंदूक आणि पायाखाली मेलेला वाघ हे समीकरण ठरलेले होते, त्या काळी या माणसाला शिकारीचा तिटकारा होता. रात्री वाघाच्या येण्याजाण्याच्या वाटेवर तो तार ताणून ठेवी. वाघाचा पाय तारेला लागला की कॅमेऱ्याचा पडदा उघडे, मॅग्नेशियमच्या पुडीचा लख्ख उजेड पडे आणि वाघाने आपलाच फोटो आपण काढलेला असे. १९२७ साली त्याचे पुस्तक निघाले. अंगावरच्या पट्ट्यांवरून वाघ वेगवेगळे ओळखता येतात, हे त्याने त्या चित्रांवरूनच सांगितले. पुढे १९९० च्या दशकात कर्नाटकातल्या नागरहोळे येथे डॉ. उल्लास कारंत यांनी याच सूत्रावर, स्वयंचलित कॅमेऱ्यांच्या साहाय्याने, वाघांच्या संख्येचा शास्त्रीय अंदाज बांधण्याची पद्धत रुजविली. आज आपल्या भीमगडच्या आसपास, काळी व्याघ्र प्रकल्पात आणि तिकडे सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात झाडांना बांधलेल्या पेट्या ही चॅम्पियनच्या तारेचीच नातवंडे. या पेट्यांना लांब लेन्स लागत नाही. जनावरच त्यांच्यापाशी येते. अशा चित्रांतील पट्टे ताडून एकच वाघ महाराष्ट्रात आणि कर्नाटकात फिरल्याचे अभ्यासकांना सांगता आले आहे. सीमाभागात राहणाऱ्या आम्हांला त्या वाघाचा हेवा वाटल्यास नवल नाही!

चॅम्पियनचे फोटो पाहून जिम कॉर्बेट यांना कॅमेऱ्याचा छंद लागला. त्यांनी सिनेकॅमेरा घेतला आणि वाघांचे चित्रीकरण आरंभिले. पण कॅमेऱ्याची घरघर ऐकून वाघ निघून जात. तेव्हा त्यांनी ओढ्याला लहान लहान बांध घालून पाणी खळखळत पडेल असे केले आणि त्या आवाजात यंत्राचा आवाज बुडवला. ‘मॅन-ईटर्स ऑफ कुमाऊँ’ या त्यांच्या १९४४ च्या पुस्तकात ही हकिकत आहे. आज आरसा नसलेल्या कॅमेऱ्यात शटर मुळीच न वाजविता फोटो काढता येतो. ही सोय मला तर वेगाच्या आणि मेगापिक्सेलच्या साऱ्या जाहिरातींपेक्षा मोलाची वाटते. सेकंदाला वीस चित्रे घेऊन करायचे काय, हा प्रश्न वीसपैकी एकोणीस पुसून टाकताना पडतोच.

दुसरा मार्ग, म्हणजे प्रतिमा जवळ आणण्याचा, पक्ष्यांच्या बाबतीत अपरिहार्य होता. तरीही आपल्याकडे बराच काळ पक्ष्यांचे फोटो घरट्यावरच घेतले गेले. तेथे पक्षी परत येणार हे नक्की. आडोसा उभारून बसले की झाले. डॉ. सालीम अली यांचे स्नेही लोक वान थो यांचे नाव येथे घेतले पाहिजे. धनाढ्य घराण्यातला हा माणूस, चित्रपटगृहांचा मालक. १९४२ साली जपान्यांच्या आक्रमणातून निसटताना त्यांच्या बोटीवर बाँब पडला. अंग भाजले, काही काळ दृष्टीही गेली. त्या अवस्थेत ते भारतात आले. मुंबईत सालीम अलींची गाठ पडली आणि ज्याचे डोळे जाता जाता राहिले तो माणूस पुढे आशियातला एक नामांकित पक्षी-छायाचित्रकार झाला. १९५७ साली त्यांचे पुस्तक आले, १९६४ साली विमान अपघातात ते गेले. घरट्यावरच्या त्या जुन्या चित्रांची प्रत पाहून आजही थक्क व्हावे लागते. परंतु घरट्यावरची डहाळी बाजूला बांधली की ऊन पिलांवर पडते आणि कावळ्यालाही घरटे दिसते, हा त्यातला दोष. त्या पिढीतले जाणते लोक फार काळजी घेत. पाठीमागून आलेल्यांनी तेवढी घेतली असे म्हणता येत नाही. लांब लेन्सने छायाचित्रकाराला घरट्यापासून लांब राहण्याची मुभा दिली, हा तिचा मला सर्वांत मोठा गुण वाटतो.

आता पेटीकडे, म्हणजे ज्याला आज ‘बॉडी’ म्हणतात तिच्याकडे वळू. १९२५ साली लायका बाजारात आला आणि कॅमेरा खिशात मावू लागला. परंतु त्यात पाहायची खिडकी वेगळी आणि लेन्स वेगळी. लांब लेन्स लावली की खिडकीतून दिसते एक आणि फिल्मवर उमटते दुसरेच. यावर तोड म्हणजे लेन्समधून आलेली प्रतिमा आरशावर घेऊन डोळ्यापर्यंत पोचविणे. १९३६ चा एक्झाक्टा हा त्या धर्तीचा पस्तीस मिलिमीटरचा आरंभीचा कॅमेरा. १९५९ च्या निकॉन एफने ती पद्धत जगभर रुजविली. साठ वर्षे आरशाने राज्य केले आणि आता तो आरसाच काढून टाकला आहे, कारण लेन्समधले चित्र थेट संवेदकावरून डोळ्यासमोरच्या पडद्यावर येते. इतिहासात गोष्टी अशा फिरून येतात, पण त्याच जागी येत नाहीत.

आमच्या भागात हे सारे पोचायला फार उशीर लागला. मी हायस्कूलात असताना, १९८० च्या दशकात, बेळगावात ज्याच्या हाती परदेशी कॅमेरा त्याचा कुणी तरी आखातात किंवा बोटीवर असे गृहीतच धरले जाई. आयातीवर निर्बंध होते, जकात जबर होती. सामान्य माणसाकडे बडोद्यात बनणारा आग्फा क्लिक थ्री. उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सचा ‘इंदू’ रोल. हौशी मंडळींकडे रशियन झेनिट. दणकट आणि जड. त्या झेनिटला बंदुकीच्या दस्त्यासारखा दस्ता आणि तीनशे मिलिमीटरची लेन्स लावून ‘फोटोस्नायपर’ नावाचा संचही रशियात निघत असे. आमच्या चित्रकलेच्या सरांकडे झेनिट होता. त्यांनी कुणाकडून तरी दुप्पट करणारे कन्व्हर्टर मिळविले होते. मार्कंडेय नदीच्या काठी त्यांनी आम्हांला खंड्या दाखविला तो त्या काचेतून. पक्षी मोठा दिसत होता, परंतु तिन्हीसांज झाल्यासारखा अंधार होता. ते म्हणाले होते, “काच फुकट काही देत नाही रे.” मद्रासचे एम. कृष्णन तर निरनिराळ्या यंत्रांचे भाग जुळवून केलेला अजस्र कॅमेरा वापरीत आणि कृष्णधवल फोटो काढीत. अडचणीतून माणूस कसा मार्ग काढतो याचे ते उदाहरण. १९९१ नंतर आयात खुली झाली, पुढे डिजिटल आले, रोलचा खर्च गेला, आणि गावागावांत लांब लेन्स दिसू लागल्या.

हे सगळे मी जमवीत बसलो त्याला निमित्त झाले आमच्या शाळेच्या एका माजी विद्यार्थ्याचे. उद्यमबागेतल्या एका कारखान्यात तो लेथवर काम करतो. सुट्टीच्या दिवशी पहाटे कॅमेरा घेऊन नदीकाठी, नाही तर खानापूरच्या बाजूला. शाळेच्या निसर्ग मंडळाला गावातल्या पक्ष्यांची यादी करून देण्याचे काम त्याने आपणहून अंगावर घेतले आहे. त्याच्याकडे जुनी आरशाची बॉडी आणि सत्तर-तीनशेची लेन्स. ओव्हरटाइम करून त्याने नव्वद हजार रुपये साठविले होते. एका संध्याकाळी घरी आला. “सर, तुम्हीच सांगा की. नवी बॉडी घेऊ, का लेन्स, का नुसतं टू एक्स कन्व्हर्टर लावून भागवू?” सोबत त्याची बायको होती. ती हळूच म्हणाली, “गोठ्याचे पत्रे पण बदलायचे हाईत सर, पावसाच्या आधी.” प्रश्न छायाचित्रणाचा राहिला नाही.

मी छायाचित्रकार नव्हे. पण हिशेब शाळामास्तरालाही येतो. तो आम्ही कागदावर मांडला.

लेन्सवरचा एफ आकडा म्हणजे नाभीय अंतराला भिंगाच्या तोंडाने भागल्यावर येणारी संख्या. पाचशे मिलिमीटरची एफ/५.६ लेन्स म्हटली की पुढचे तोंड साधारण नव्वद मिलिमीटर हवे. सहाशेची एफ/४ म्हटली की दीडशे. म्हणून ती थोरली लेन्स तीन किलोच्या वर जाते आणि तिची किंमत दहा लाखांच्या पुढे. एवढी मोठी निर्दोष काच घडविणे हीच त्यातली मेहनत. आता कन्व्हर्टर. दीड पटीला थोडे कमी, म्हणजे १.४ पटीचे लावले की उजेड निम्मा होतो. दुप्पट करणारे लावले की चौथाई उरतो. म्हणजे पाचशेच्या लेन्सवर सेकंदाचा पाचशेवा भाग मिळत होता, तो १.४ ने अडीचशेवा आणि दुपटीने सव्वाशेवा होतो. आणि नेमके तेव्हाच प्रतिमा मोठी झाल्यामुळे हाताचा कंपही तेवढाच मोठा झालेला असतो. शिवाय लेन्समधला दोष असेल तोही वाढवून दाखवितो. चांगल्या, मोठ्या तोंडाच्या लेन्सवर कन्व्हर्टर शोभते. सामान्य लेन्सवर ते कर्जावर कर्ज. त्याच्या सत्तर-तीनशेला दुप्पट कन्व्हर्टर लावले तर सहाशे होतील खरे, पण एफ/११ वर, आणि त्याच्या जुन्या बॉडीचे आपोआप फोकस करणे एवढ्या अंधारात बंदच पडेल. आरशाच्या बॉडीत फोकसची यंत्रणा वेगळी असते आणि ती साधारणपणे एफ/५.६ पर्यंत, चांगल्या बॉडीत मधल्या काही बिंदूंवर एफ/८ पर्यंत काम देते. नव्या बिनआरशाच्या बॉडीला ही अडचण पुष्कळ कमी. कन्व्हर्टरचा विचार तेथेच संपला.

राहिली बॉडी आणि लेन्स. या दोघांची सोयरीक ठरते ती माउंटवर, म्हणजे लेन्स ज्या कड्यात पिळून बसते त्यावर. १९८७ साली कॅननने आपले जुने कडे सोडून नवे आणले आणि जुन्या लेन्सवाल्यांना नव्या बॉडीला मुकावे लागले. निकॉनने १९५९ चे कडे मुख्य ठेवून साठेक वर्षे रेटली. २०१८ साली दोघांनीही बिनआरशाच्या कॅमेऱ्यांसाठी नवी कडी काढली. मात्र या वेळी मध्ये जोडतुकडा देऊन जुन्या लेन्सना निदान पाहुण्यासारखे घरात घेतले. यातून ग्राहकाने घ्यायचा अर्थ एवढाच, की बॉडी चारपाच वर्षांत जुनी ठरते, चांगली काच वीस वर्षे चालते. आपल्या बॉडीत संवेदक लहान असेल तर पाचशेच्या लेन्सने साडेसातशेची चौकट मिळते. प्रतिमा मोठी होत नाही, कडा तेवढ्या कापल्या जातात, पण छोट्या पक्ष्याच्या बाबतीत त्याचा उपयोग होतोच.

आणि जागेचाही विचार हवा. भीमगडच्या किंवा दांडेलीच्या सदाहरित रानात गवा वीस पावलांवर उभा असतो, पण सकाळी नऊलाही तेथे दाट सावली. तेथे लांबी नको, उजेड हवा. धनेश उंच वडा-उंबरावर, म्हणून त्याला लांबी हवी. कडोलीच्या शिवारात आणि नदीकाठी उजेड भरपूर, अंतरही फार, तेथे दोनशे-पाचशे, एफ/५.६ ही २०१५ साली आलेली लेन्स पुरेशी. वजन सव्वादोन किलोच्या आसपास. लेथवर काम करणाऱ्या हाताला काय जड!

तीच लेन्स त्याने कोल्हापुरात एका ओळखीच्याकडून जुनी घेतली, साठवणीतल्या निम्म्याहून थोड्या अधिक पैशांत. उरलेल्यात मे महिन्यात गोठ्यावर पत्रे चढले. बॉडी तीच राहिली.

जानेवारीत निसर्ग मंडळाच्या मुलांना घेऊन आम्ही गोकाक तालुक्यातल्या घटप्रभा अभयारण्यात गेलो. १९७४ सालचे हे अभयारण्य. धुपदाळच्या बंधाऱ्याचे पाणी आणि भोवतालची शेते. हिवाळ्यात तेथे कांड्या करकोचे येतात, मध्य आशियातून. थवा लांब, एका रिकाम्या शेतात उतरला होता. मुले म्हणू लागली, “सर, अजून जवळ जाऊया.” तो नाही म्हणाला आणि बांधाच्या आडोशाला पालथा पडला. सात ते साडेआठ त्याने फोटो काढले. मग उन्हाने जमीन तापली आणि लेन्समधून करकोचांचे पाय पाण्यात बुडाल्यासारखे थरथरू लागले. या तापलेल्या हवेवर कुठलीच काच इलाज करीत नाही, लांब लेन्स तर ती थरथर आणखी वाढविते. त्याने कॅमेरा पिशवीत ठेवला आणि मुलांच्या हाती दुर्बीण दिली. थवा आपणहून उडेपर्यंत आम्ही तेथेच बसून होतो. सव्वासातच्या कोवळ्या उन्हातला एक फोटो, खाली तारीख, वेळ आणि जागा लिहून, शिक्षकांच्या खोलीत लावला आहे. सत्तेचाळीस पक्षी मोजता येतात. यादीतल्या त्या रकान्यात मुलांनी आधी ‘सुमारे पन्नास’ लिहिले होते, ते खोडून आकडा घातला.